गारांचं वर्ष आणि काचेचं कौल

२६ मार्च

डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला ही वही लिहायला लावली आहे. म्हणाले, "मुळ्ये, तुमचं प्रेशर मिठाने नाही, रागाने वाढतं. रोज चार ओळी लिहा आणि शेवटी कोणाचे तरी आभार माना." मी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून जन्म काढला. रत्नागिरी स्टँडच्या माइकवरून गाड्या लावणाऱ्याला लोक शिव्या घालतात, आणि तोही परत घालतो. त्या खुर्चीत आभार मानायची सवय लागत नाही. पण आमच्या हिने, हेमाने, डॉक्टरांसमोरच मान डोलावलीन, त्यामुळे पळवाट उरली नाही.

आज मात्र आभार मानायला खरंच कारण आहे. मनूला, म्हणजे आमच्या मनस्विनीला, सातवा लागला. लग्नाला इतकी वर्षं होऊन गेल्यावर, पुण्याच्या डॉक्टरांनी हात टेकल्यावर, हे दिवस आले आहेत. मेच्या पहिल्या आठवड्यात जावईबापू तिला गाडीने आणून सोडणार. पहिलं बाळंतपण माहेरी, मागच्या खोलीत. ती खोली तिनेच मागून घेतल्येय. "बाबा, मला त्या कवडशाखाली झोपायचंय," म्हणाली. लहानपणी काचेच्या कौलातून पडणारा तो उन्हाचा तुकडा ती मुठीत पकडायला बघायची.

आमचं घर आणि गडग्यापलीकडचं, म्हणजे मधल्या दगडी कुंपणापलीकडचं, बाबल्या घवाळीचं घर एकाच वर्षी उभं राहिलं. कौलं एकाच ट्रकमधून आणली, हत्ती छाप. त्यात दोघांना एकेक काचेचं कौल मिळालं. बाबल्याच्या कौलात नेमका बुडबुडा निघाला. दुकानदार बदलून देत होता, तर बाबल्या म्हणाला, "ऱ्हवू दे. नायतर कवडसा आपल्या घरातला हाय ह्यो वळखायचा कसा?" त्यांच्या ओटीवर दुपारी पत्ते खेळताना त्या बुडबुड्याचा मण्याएवढा ठिपका सरकत सरकत पत्त्यांवर यायचा. माणूस गेला, ओटीही गेली. त्याचा मुलगा विनोद जयगडच्या बंदरात नोकरीला लागला आणि त्याने घरावर स्लॅब घातलान. कौलं विकून टाकलीन असणार. त्या स्लॅबचं पाणी काढायला पाइप लावलान तो थेट आमच्या वाटेवर. सांगितलं, तर "बगतो" म्हणाला आणि बघितलं नाही. तेव्हापासून अबोला. त्या घरातून पाणीसुद्धा घेणार नाही असं मी हेमासमोर बोललो आहे, आणि मी बोललेलं मागे घेत नाही.

आज आभार: देवाचे.

२ एप्रिल

पाठ शेकत लिहितोय, अक्षर तसंच येणार.

सकाळपासून घामाने जीव नकोसा झाला होता. मोबाईलवर हवामानाचा इशारा आला होता म्हणे. मी तो जाहिरात समजून पुसून टाकला. दुपारी जेवून सुपारी कातरत बसलो, तर सह्याद्रीच्या बाजूने आभाळ काळंनिळं होऊन आलं. खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, आंबोशी वाळत घातली होती ती उचलायला पळालो, तेवढ्यात पहिली गार पाठीत बसली. कोणी दगड मारलान असंच वाटलं. मग जे सुरू झालं! ओटीवरचा पाट डोक्यावर धरून मी खळ्याच्या मधोमध अडकलो. हेमा ओटीवरून "आत या, आत या" ओरडत होती, पण पाय उचलवेना. छपरावर कोणी घणाने बडवतंय असा आवाज. खळं पांढरंफेक झालं. इतकी वर्षं इथे राहतो, आमच्याकडे एवढ्या गारा मी कधी पाहिल्या नव्हत्या.

त्यातही माझं लक्ष गडग्यापलीकडे गेलं. विनोद त्याच्या स्लॅबवर, जिन्याच्या छपराखाली उभा राहून मोबाईल आमच्याकडे रोखून होता. आमचं घर फुटतंय आणि हा चित्रं काढतोय. पाट हातात नसता तर काहीतरी बोललोच असतो.

पाऊस गेल्यावर आत जाऊन पाहिलं. माजघर, स्वयंपाकघर बरं आहे, इकडेतिकडे भोकं. मागची खोली मात्र सगळी फुटली. मनूसाठी बांधून घेतलेल्या पलंगावर कौलांच्या खापऱ्या आणि गारा. काचेचं कौल चक्काचूर. हेमा पलंगापाशी गेली. गादीवरच्या काचा वेचत राहिली. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी शिडी लावून वर चढलो.

चढलो आणि गारांनी न फोडलेली दोन कौलं मी फोडली. पाय सटकला, छपराच्या कोनवाशाला लोंबकळलो. "अहो, उतरा आधी खाली! मनूला बाप हवाय, कौलं नकोत!" ही खालून ओरडली. त्याच वेळी पलीकडून विनोदही ओरडला, "काका, उतरा, वला हाय ता!" तुझ्या सल्ल्याची वाट बघत होतो, असं म्हणणार होतो, पण धाप लागली होती.

आज आभार: कोनवाशाचे. चांगला सागवानी आहे.

३ एप्रिल

तलाठीबाई उद्या पंचनाम्याला येणार, अशी वर्दी आली. सरकारी माणूस दारात येणार म्हटल्यावर आम्ही दोघं कामाला लागलो. मी खळं लख्ख झाडलं, सगळ्या खापऱ्या उचलून वाटेवरच्या खड्ड्यात घातल्या, वर माती टाकून चोपून घेतली. पावसाळ्यात चिखलाची कटकट नको, दगडापेक्षा खापऱ्या चांगल्या बसतात. हेमाने शेणाने सारवलंन, दारात रांगोळी काढलीन. छपरावर ताडपत्री ओढली, ती शांताराम कौलवाल्याने, मी नव्हे. कोकम सरबताची तयारी झाली.

पुरावा हवा म्हणून सुपारीपेक्षा मोठी एक गार मी कालच वाटीत घालून फ्रीजरमध्ये ठेवली आहे. हेमा हसली. हसू दे. नियंत्रकाने नोंद ठेवायची असते.

४ एप्रिल

आज फजिती झाली, ती तशीच लिहितो.

तलाठीबाई, नम्रताबाई त्यांचं नाव, मोटारसायकलवरून आल्या आणि खळ्यात उभ्या राहून चहूकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, इथे गारपीट झाल्येय की सत्यनारायण आहे?"

मी खापऱ्यांची हकीकत सांगितली. त्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे तुम्ही पुरावा पुरलात आणि वर रांगोळी घातलीत!" गार आणायला मी आत गेलो. परवापासून वीज येतजात होती. वाटीत पाणी. तेही मी त्यांच्यासमोर नेऊन ठेवलं. त्यांनी वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कोकम सरबत उचललं.

बाई चांगल्या आहेत. ओरडल्या नाहीत, नीट समजावून सांगितलं. आधी फोटो काढायचे, मग झाडू हातात घ्यायचा. खापऱ्या एका कोपऱ्यात राहू द्यायच्या. पाणी आत येऊ नये म्हणून ताडपत्री घालायची, पण ती घालण्याआधी भोकं दिसतील असा फोटो हवा. ओल्या कौलांवर पाय ठेवायचा नाही. आणि कोणी दारात येऊन सगळं छप्पर बदला म्हणाला, तर दुसऱ्या जाणत्याला दाखवल्याशिवाय हो म्हणायचं नाही. एवढं सांगून म्हणाल्या, "त्या दिवशीचा एक तरी फोटो आहे का? नाहीतर मी लिहू काय?"

मी नाही म्हणणार, तेवढ्यात हेमा "आहे की, आणते" म्हणून आत गेली. बराच वेळ आली नाही. मागच्या दारी रेंज चांगली मिळते. परत आली ती मोबाईल पुढे करतच. अगदी हवा तसा फोटो! खळ्यात गारांचा सडा, मागच्या खोलीवरची भोकं एकेक मोजता येतील अशी, आणि मधोमध मी पाट डोक्यावर धरून. ओटीवर हेमाही दिसते, हात वर करून ओरडताना. तलाठीबाई खूश झाल्या. "असा वरून घेतलेला फोटो कोणी देत नाही हो," म्हणाल्या.

रात्री जेवताना मी विचारलं, तू स्वतःच फोटोत आहेस तर काढलास कसा? म्हणाली, त्यात टायमर असतो. मोबाईल कुठे ठेवला होतास? म्हणाली, उंचावर. बायकोकडे एवढं डोकं आहे हे मला इतक्या संसारात कळलं नाही.

आज आभार: हेमाचे, आणि टायमर बनवणाऱ्याचे.

७ एप्रिल

तलाठीबाई म्हणाल्या तस्सा माणूस आज दारात आला. बूट, गळ्यात ओळखपत्र, हातात पाटीसारखा मोठा मोबाईल. खळ्यातूनच वर बघून म्हणाला, वासे गेलेत, कौलांखालच्या रिपा गेल्या, सगळं उतरवून निळा पत्रा घालू, आठवड्यात काम, सही करा. खरं सांगतो, मी चष्मा शोधत होतो. मनू येईपर्यंत छप्पर हवं, दुसरं डोक्यात काही नव्हतं. हेमाने त्याला चहा दिलान आणि विचारलंन, "तुम्ही वर कधी चढून बघितलंत?" तो म्हणाला, अनुभवाने कळतं. ती म्हणाली, "मग अनुभवाने चहा प्या आणि या."

संध्याकाळी शांतारामला वर चढवलं. दर मे महिन्यात शाकारणीला, म्हणजे कौलं उतरवून झाडून परत बसवायला, तोच येतो. खाली उतरून म्हणाला, "वासं ठणठणीत हायत काका. दोन रिपा बदलल्या की झाला. पन कौला कुठनं आणू? नवी कौला ह्या हत्ती छापात बसत नाय. कड जुळत नाय. अशीच टाकली तर पावसाला रस्ताच करून दिल्यासारा." कारखाना कधीच बंद झालाय. जुनी कौलं कोणाकडे मिळतात का बघतो, म्हणाला. पण गारांनी सगळ्यांचीच फुटली आहेत, सगळेच शोधतायत.

१३ एप्रिल

पाली, हातखंबा, देवरूख, सगळं फिरून झालं. एका ठिकाणी मोर छाप मिळाली, एका ठिकाणी नुसतीच खापरं. एसटीतल्या जुन्या दोस्तांना फोन केले. लांज्याला हेमाचे भाऊ अच्युतराव आहेत, त्यांनाही सांगून ठेव म्हटलं. अच्युतरावांना आम्ही कधी कामाला लावत नाही, कारण ते कधी लागत नाहीत.

मनूच्या सासूबाईंचा फोन आला. बोलणं गोड, पण मुद्दा सरळ. "छप्पर नसलेल्या घरात पहिलटकरणीला पाठवायचं कसं? मेच्या पहिल्या आठवड्यानंतर डॉक्टर तिला प्रवास करू देणार नाहीत. तोपर्यंत झालं तर ठीक, नाहीतर इथेच करू, आम्हाला जड नाही." त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही. मग मनू फोनवर आली. नुसती "बाबा" म्हणाली आणि थांबली.

फोन ठेवून मागच्या खोलीत गेलो. ताडपत्रीखाली निळा काळोख. त्या पलंगावर बसून रडलो. वहीत लिहायला लाज कसली. या मुलीची आम्ही किती वर्षं वाट बघितली होती, आणि आता ती ज्याची वाट बघत्येय ते या घरात होणार नाही, केवळ कौलाची कड जुळत नाही म्हणून.

आज आभार सुचत नाहीत. डॉक्टरांनी माफ करावं.

१४ एप्रिल

हेमाचं माझ्याशी काहीतरी बिनसलंय. सकाळी चहा देताना अचानक म्हणाली, "समजा, कौलं अशा ठिकाणी मिळाली की तुम्हाला आवडणार नाही, तर?" मी म्हटलं, चोरीची नकोत आणि पलीकडची नकोत, बाकी कुठलीही चालतील. तिने कप उचललान आणि गेली. पलीकडच्यांनी ती विकली आहेत, त्यामुळे प्रश्नच नाही, एवढंही मी मागून सांगितलं.

न्याहरीला घावणे होते. हिच्या हातचे घावणे कधी इतके जाळीदार झाले नव्हते. तसं म्हणालो, तर खुश होण्याऐवजी रागावली.

१८ एप्रिल

लिहितानाही विश्वास बसत नाही. कौलं आली!

हेमाने मला सकाळीच रत्नागिरीला पिटाळलंन. पलंगाच्या मच्छरदाणीला अमुकच कापड हवं, तमुकच दुकानातून. दुकान बंद, मग दुसरं, मग हिचा फोन, अजून एक वस्तू आणा. भर उन्हात घामाघूम होऊन संध्याकाळी घरी आलो, तर खळ्यात कौलांची थप्पी. हत्ती छाप! शेवाळ धुवून उन्हाला लावलेली. मी एकेक उलटून बघितलं, सगळ्यांवर तोच सोंड वर केलेला हत्ती.

"दादाने पाठवलीन," हेमा म्हणाली. लांज्याला कोणी घर पाडत होतं म्हणे, अच्युतरावांनी टेंपो करून पाठवून दिली. मी थक्क झालो. ज्या माणसाने आमच्या लग्नात पंगतीला साधं ताक वाढलं नाही, त्याने एवढं केलं! टेंपोवाला पण देवमाणूस. खळ्यात चाकाची खूण नाही, सारवण जसंच्या तसं. बाहेर रस्त्यावर उभा करून एकेक कौल हाताने आणलंन असणार.

लगेच अच्युतरावांना फोन लावला. "अच्युतराव, तुमचे उपकार कसे फेडू?" ते म्हणाले, "कसले?" म्हटलं, "कौलं!" ते म्हणाले, "कसली कौलं?" इतका निगर्वी माणूस. मी पुढे बोलणार, तर हेमाने फोन घेतलान, रेंज नाही म्हणाली आणि तो कानाला लावून मागच्या दारी गेली. नंतर त्यांनीच उलटा फोन केला. "असू दे हो, भाओजी, त्यात काय," एवढंच म्हणाले. माझं मत पार बदललं.

एकच गालबोट. गडग्याचे वरचे चिरे ढासळून खाली पडलेत. वांदरांनी उच्छाद मांडलाय. गडग्यावर धाडधाड उड्या मारत असणार.

आज आभार: अच्युतरावांचे, त्रिवार.

२४ एप्रिल

शांतारामने मागची खोली उघडी केली. रिपा बदलल्या. कौलं एकमेकांत बसताना टक् टक् असा आवाज होतो, तो ऐकत मी खाली खुर्ची टाकून बसलो होतो. वर चढायची मला बंदी आहे.

शांतारामला म्हटलं, "लांज्याचा माल कसा आहे?" तो वरून म्हणाला, "लांज्याचा?" आणि मग हेमाकडे बघून, "हा हा, लांज्याचा. बेस हाय."

काचेच्या कौलाचं काही जमेल असं वाटत नव्हतं. तिथे साधंच बसव म्हणून सांगितलं. मनूला वाईट वाटेल, पण छप्पर महत्त्वाचं. तर दुपारी हेमाने आतून एक पुडकं आणलंन. जुन्या हिरव्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं, आत काचेचं कौल! "हेही दादाने पाठवलेलं, द्यायचं राहिलं होतं." अच्युतरावांच्या घरी नऊवारी कोण नेसतं हे आठवत बसलो. जुनं असेल माझ्या सासूबाईंचं. शांतारामने ते घेतलंन, फडक्यानेच पुसलंन आणि जपून बसवलंन. फडकं हेमाने घडी घालून ठेवलंन, परत करायचंय म्हणाली. फडक्याचं एवढं काय, पण माहेरच्या वस्तूला बायका जपतात.

आज ऊन ढगाळलेलं होतं, कवडसा दिसला नाही.

२ मे

तलाठीबाई परत येऊन बघून गेल्या. मंजुरी झाली म्हणाल्या. खुंटीसारखं सगळं घट्ट बसलंय याचाच त्यांना आनंद. "या वेळी कौलं बदलायच्या आधीचे, नंतरचे फोटो काढलेत ना?" म्हणून विचारलं. मी छाती पुढे काढून सगळे दाखवले. माझं बोट भिंगावर आल्यामुळे अर्ध्यांत अंधार आहे. पूर्वीच्या फोटोची सर नाही, असं त्याच म्हणाल्या.

मनूच्या सासूबाईंना खोलीचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "फारच छान. सात तारखेला निघतात दोघं."

मी आणि हेमा एकमेकांकडे बघून हसत राहिलो. देवासमोर साखर ठेवली. लांज्यालाही पेढे पाठवू म्हटलं, तर ही म्हणाली, "आधी जवळच्यांना देऊ." जवळचे म्हणजे कोण, ते विचारायचं राहिलं.

७ मे

मनू आली. पाय सुजलेत, तोंड उतरलंय, पण खोलीत पाऊल टाकलंन आणि वर बघून लहानपणासारखी हसली. आज आभार कोणाकोणाचे लिहू? गाडी, रस्ता, घाट, जावई, सगळ्यांचे.

८ मे

आज दुपारची गोष्ट. सावकाश लिहितो.

जेवणं झाली. मनू मागच्या खोलीत डाव्या कुशीवर झोपली होती. हेमा भांडी घासत होती. मी मनूच्या पायाशी खुर्चीत पंख्याने वारा घालत बसलो होतो, कारण वीज गेली होती. ऊन अगदी डोक्यावर होतं. कवडसा आला. आधी चादरीच्या कडेवर, मग हळूहळू वर. बऱ्याच दिवसांनी त्याच्याकडे नीट बघत होतो. आमच्या कौलाचा कवडसा स्वच्छ असायचा, धुतल्यासारखा. ह्यात मधे काहीतरी होतं. वाटलं, वर पान पडलं असेल. वर पाहिलं. पान नव्हतं.

मण्याएवढा ठिपका. चादरीवरून सरकत सरकत तो मनूच्या पोटावर आला आणि तिच्या श्वासाबरोबर वरखाली होत राहिला.

कवडसा आपल्या घरातला हाय ह्यो वळखायचा कसा.

मी पंखा खाली ठेवला. मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसायला लागली, शांतारामच्या कौलांसारखी. वरून काढलेला फोटो. कसली कौलं, असं विचारणारे अच्युतराव. सारवणावर न उमटलेली चाकं आणि गडग्यावरून पडलेले चिरे. लुगडं मालनवहिनींचं, बाबल्याच्या बायकोचं. वाडीत आता नऊवारी तीच एक नेसते. घावणेसुद्धा तिचे. विनोद त्या दिवशी स्लॅबवर आमची गंमत बघत नव्हता. आणि कौलं त्याने विकली नव्हतीन. स्लॅब घातल्यावरही बापाची कौलं घरामागे रचून ठेवली होतीन, आणि एकेक करून गडग्यावरून आमच्या घरात दिलीन, मी मच्छरदाणीचं कापड शोधत हिंडत असताना. मी घेणार नाही हे ठाऊक असून.

तिथेच बसून रडलो असतो, पण मनू जागी झाली असती. उठलो आणि तसाच मागच्या दाराने बाहेर गेलो. गडग्याचे चिरे वांदरांनी पाडलेत म्हणून मी मागच्या आठवड्यात परत रचून ठेवले होते. ते उचलून बाजूला ठेवायला लागलो. वरची रांग झाली, मग खालची.

"कोण ते गडग्यावर?" हेमा मोरीतून ओरडली. "वांदर आले काय हो?"

"होय," मी म्हटलं. "म्हातारा आहे एकच."

ती हात पुसत दारात आली. मी काय करतोय ते बघितलंन. तिथेच उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडाला लावलान.

आवाज ऐकून पलीकडून विनोद आला. ड्युटीला निघायच्या बेतात होता, अंगात कंपनीचा शर्ट. मग त्यानेही पलीकडच्या बाजूने एक चिरा उचललान. दोघं चिरे काढत होतो. शेवटी तोच म्हणाला, "काका, त्यो खालचा ऱ्हवू द्या. आयेला पाय ठेवायला व्हईल. बाळाला न्हाऊ घालायला यायचा हाय तिला, दोन म्हैने झाले तीच बोलत्येय."

मी ठेवला. आभार मानायचे शब्द तोंडात येईनात. इतके दिवस वहीत पानंच्या पानं मानले, पण समोर माणूस उभा राहिल्यावर एकही सापडेना. म्हणून भलतंच बोललो. "तो पाइप तेवढा फिरव रे," म्हटलं.

विनोद हसला. "काका, पाइप कवाच फिरवला. दोन पावसाळे झाले. तुमी हिकडं बगतच नाय."

मी बघितलं. पाइप खरंच पलीकडे, त्यांच्या माडांकडे वळवलेला होता. त्यावर गंजसुद्धा चढला होता.

मग का विचारलं ते कळेना, पण विचारलं, "बाबल्याचे पत्ते आहेत का रे घरात?"

"हायत की," तो म्हणाला. "आयेनं पेटीत ठेवल्यान. मी म्हटलं, कशाला ठेवत्येस, कोन खेळनार हाय? तर म्हनते, ऱ्हवू देत. मुळ्ये काका येतील."

आज इथेच थांबतो. हेमाने त्या हिरव्या फडक्याची घडी माझ्या हातात दिल्येन. म्हणाली, परत करायचंय ना, तुम्हीच जा.